सांगलीच्या घरचे पडदे

दर रविवारी सकाळी दहाला काकू आपल्या सांगलीच्या फ्लॅटला फोन लावायच्या. फ्लॅट रिकामा होता, कुलूपबंद. फोन उचलायला तिथे कुणी नाही हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला माहीत असणार? तरी लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या घरातल्या जिन्याखालच्या फोनपाशी त्या ताठ उभ्या राहायच्या, रिंग पूर्ण वाजू द्यायच्या, रिसीव्हर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आहे. घर जागेवर आहे." सांगलीला शेजारच्या वैनींना भिंतीपलीकडून घंटी ऐकू जायची. काकू खुशाल आहेत हे त्यांना कळायचं. कुणी उचलत नाही म्हणून सगळं फुकट.

मी तेव्हा भाडेकरूंच्या चळवळीत होते, अजूनही आहे. 'रिकामी घरं हा गुन्हा आहे' हे पत्रक मी स्वतः लिहून हाय स्ट्रीटवर वाटलं होतं. आणि त्या पत्रकातली गुन्हेगार माझ्याच शेजारच्या खोलीत राहत होती, रविवारी मला थालीपीठ खायला बोलावत होती. काकूंनी पत्रक चष्मा लावून वाचलं, घडी घालून डब्याखाली ठेवलं आणि त्या दिवसापासून माझं नाव 'पत्रकवाली' पडलं.

"भाड्याने द्या की काकू तो फ्लॅट. कुणाची तरी सोय होईल."

"वास्तुशांत केलीय मी तिथे. दुसऱ्या कुणाची कुकरची शिट्टी पहिली वाजायला नको."

मी पुढचं थालीपीठ वाढून घेतलं.

काकू विमानतळाजवळच्या किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायच्या. हाताला भलता वेग. पण खोलीवर आल्या की त्या काहीच लावायच्या नाहीत. किटली चहा झाला की पुसून परत तिच्या खोक्यात. सेलमधून आणलेल्या चादरी, डिनर सेट, सगळं पलंगाखाली, न उघडलेलं. वर मार्करने लिहिलेलं: सांगली. "घर लावायचं ते आपल्या घरी. इथे नुसतं राहायचं." मुलाचं नॉटिंगहॅमचं शिक्षण संपलं की जायचं, हा बेत. तोपर्यंत काकू त्या खोलीत अशा राहत होत्या, जशी माणसं स्टेशनवर बाकड्यावर बसतात.

आणि खोली कसली? एका घराचे सहा तुकडे करून लँडलॉर्डने सहा जणांना दिलेले. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत ओल. हिवाळ्यात काळी बुरशी चढायची, पुसली की आठवड्यात परत. लँडलॉर्डला सांगितलं तर म्हणे, तुम्ही लोक फोडण्या फार देता. माझं डोकं फिरलं. मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, द्यायची तक्रार लिहिली आणि दारोदार फिरले. सगळ्यांनी एकच सांगितलं, काकूंनी सही केली तर आम्ही करतो. त्या सगळ्यांत जुन्या.

काकूंनी कागद परत दिला. "मी काय इथली नाही. माझं घर आहे."

"ते घर रिकामं आहे आणि तुम्ही बुरशीत झोपता! दोन्ही घरांवर अन्याय करताय तुम्ही."

"आवाज हळू. खाली ऐकू जातंय की."

मी फणफणत निघून आले. अशा माणसांमुळेच लँडलॉर्ड माजतात, असंही मनात म्हटलं. मनातच नाही, जिन्यात मोठ्याने म्हटलं.

पंधरा दिवसांनी काकूंनी मला हाक मारली. पलंगाखालचं एक खोकं उघडं होतं. आत सांगलीच्या हॉलसाठी घेतलेले पडदे, मोतिया रंगाचे, एकदाही न टांगलेले. भिंतीची ओल खोक्यात शिरली होती. घडीघडीवर काळे ठिपके.

"माझ्या अंगावर आली असती तर पुसून काढली असती," काकू म्हणाल्या. "हे सांगलीचं आहे. आण तो कागद."

सही करून त्या थांबल्या नाहीत. पुढे त्या, मागे मी. वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर कुरकुरला, "काकू, लँडलॉर्डने काढलं तर जायचं कुठे?" काकूंनी पर्समधून फ्लॅटची किल्ली काढून त्याच्यासमोर धरली. "पहिली सही माझी आहे. काढायचं तर मला काढेल. मला जायला घर आहे. तू कर." त्याने केली. बाकीच्यांनीही केली. मी मागे कागद धरून उभी होते. ज्या कुलपावर मी पानभर लिहिलं होतं, त्याच कुलपाच्या जोरावर त्या घरातली भीती मोडत होती.

कौन्सिलचा माणूस आला, भिंत पाहून त्याने नाक मुरडलं आणि लँडलॉर्डला भिंत दुरुस्त करावी लागली. मग लँडलॉर्डने काकूंना दोन महिन्यांची नोटीस दिली. एकट्या काकूंना. कारण द्यायची गरज नाही, कायदाच तसा नालायक आहे. मुलाचं शेवटचं वर्ष बाकी होतं. मी दुसरी खोली शोधते म्हटलं, लढू म्हटलं, आणि शेवटी रडायला लागले, कारण कागद माझा होता.

"रडतेस काय? मी घर कशासाठी ठेवलं होतं, तुला काय वाटलं? तो हॉस्टेलवर आहे, मी माझ्या घरी."

मुलाचं पदवीदान मात्र त्यांना बघायला मिळालं नाही. ते मी विसरत नाही, आणि त्या लँडलॉर्डलाही विसरू देत नाही. त्याच्या रस्त्यावर अजून पत्रकं वाटते.

हीथ्रोला पोचवायला गेले तेव्हा काकूंनी बजावलं, "रविवारी दहाला रिंग दे. मी उचलणार नाही. वाजली की समजेन तू बरी आहेस." वर्षभर तसंच चाललं. मी जिन्याखाली उभी राहायचे, तिकडे वाजत राहायचं, कुणी उचलायचं नाही आणि माझा आठवडा सरळ सुरू व्हायचा.

मागच्या रविवारी दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला. कुणी तरुण मुलगी होती. "हॅलो, कोण बोलतंय?"

मागून काकूंचा आवाज आला, "उचललास कशाला गं? रविवारचा उचलायचा नसतो!" मग त्या स्वतः फोनवर आल्या. आतली खोली नर्सिंगच्या दोन मुलींना दिली होती म्हणे, जूनपासून.

"आणि त्यांच्या भिंतीला पावसात जराशी ओल आली, तर त्याच आठवड्यात गवंडी लावला. या पोरींचा काय भरवसा, कागद घेऊन दारोदार फिरतील." काकू हसल्या. "तुझं ते पत्रक आहे अजून माझ्याकडे. डब्याखालीच आहे. ठेव आता, फुकट पैसे पडतायत."

मी रिसीव्हर ठेवला. घर जागेवर होतं.