काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झगा

रविवार, दुपारी दोन. होळी होऊन आठवडा झाला होता आणि गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. ठिकाण: करी रोडची आमची चाळ, दुसरा मजला, बबनची खोली, कारण मजल्यावरचा एकुलता एक टीव्ही त्याच्याकडे. हजर: माझे वडील तात्या, आई, शेजारच्या खोलीतले दाजीकाका आणि मंदाकाकी, स्वतः बबन, मजल्यावरची आणखी वीस माणसं. मी धरून सव्वीस. मुलं मोजलेली नाहीत, ती मांड्यांवर होती.

हे मी वहीतून उतरवून काढतेय. याद्या करायची सवय मला लहानपणापासून. त्या दुपारी कोण कुठे बसलं होतं तेही वहीत आहे. काय झालं ते मात्र नाही — वहीत नाही, आणि तोंडाने आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला ती असेपर्यंत नाही. आता तुम्हाला सांगते.

पण आधी थोडं दुसरंच. चालेल ना?

मला जुने इंग्रजी खुनाचे पिक्चर आवडतात. काळे-पांढरे. टोपीवाले पुरुष, वळणाचे जिने, भिंतीवर पडलेल्या खिडकीच्या सावल्या आणि एक बाई, जिच्यावर विश्वास ठेवू नये. हल्ली हे पिक्चर मूळ रिळांवरून साफ करून डिस्कवर मिळतात. माझ्याकडे त्रेचाळीस आहेत. त्यांची यादी आहे, रकाने पाडलेली: नाव, खुनी कोण, जिना कसा, अंधार कसा. अंधाराला मी दहापैकी गुण देते. हसू नका. साफ केलेल्या चित्रात काळा रंग एकच नसतो. कोटाचा काळा वेगळा, कोटाच्या सावलीचा वेगळा, दाराआड उभ्या माणसाचा आणखी वेगळा. जुन्या कॅसेटवर या सगळ्याचं एकच डांबर व्हायचं.

तुम्ही बघणार असाल तर खोलीतली ट्यूब बंद करा. टीव्हीचा उजेड वाढवू नका. चित्र गुळगुळीत करायची जी सोय टीव्हीत असते, ती पहिली काढून टाका. पडद्यावर बारीक वाळू हलल्यासारखी दिसते ती घाण नव्हे, तो फिल्मचा पोत. माझा नवरा म्हणतो, "लाइट गेल्यावर चाळीत हेच दिसायचं की, फुकटात!" म्हणू दे. पोत गेला की कापड मेलं.

हे शेवटचं वाक्य माझं नाही. ते दाजीकाकांचं. म्हणजे फिरून फिरून मी त्यांच्यापाशीच आले.

दाजीकाका गिरणीच्या फोल्डिंग खात्यात होते. विणून आलेलं कापड उजेडापुढून सरकायचं आणि काका नुसते बघत उभे राहायचे. धागा तुटला, गाठ आली, पट्टा सरकला, की खडूची फुली. दिवसभर तेच काम, वर्षानुवर्षं. मंदाकाकी सांगायची, "माका बघूक इले, तेव्हा तोंडाकडे बघूक नाय. लुगड्याच्या काठाकडे बघीत बसले!"

तर ती दुपार. बबनने एका दिवसासाठी भाड्याने व्हीसीआर आणला होता, सोबत दोन हिंदी कॅसेटी. पहिली मशीनने अर्ध्यातच चावून टाकली. दुसरीच्या डबीवर नाचणारी हिरॉइन होती, पण आत निघाला इंग्रजी खुनाचा पिक्चर, काळा-पांढरा. दुकान रविवारी दुपारी बंद. बबन म्हणाला, "आता जा आसा ता बघा." कुरकुर सुरू झाली. तेवढ्यात तात्या म्हणाले, "आमचा नीलू आसा मा! कॉलेजात जाता. ता सांगात."

वर्षभर घरात बसून असलेला माणूस. एवढं बोलला आणि ताठ होऊन बसला.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते, पण शाळा मराठी. पुस्तकातलं इंग्रजी वाचता यायचं. पडद्यावरची माणसं नाकातून भराभर बोलायला लागली आणि पहिल्या पाच मिनिटांत मला "येस", "नो" आणि "डॉक्टर" एवढंच कळलं. मग मी काय करायला हवं होतं? कळत नाही म्हणायला हवं होतं. मी सांगायला लागले.

एका डॉक्टरचा खून होतो. संशय त्याच्या धाकट्या भावावर आणि बायकोवर. एवढं बहिऱ्यालाही कळलं असतं. बाकीचं सगळं मी रचलं. भावाला जुगारी केला. त्याला वाडवडिलांच्या जमिनीची हाव लावली — अमेरिकेत! लोक असे रंगले म्हणून सांगू! जमिनीवरून भावाने भावाला मारलं म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला पुरावा लागत नाही.

आणि मध्येच दाजीकाका म्हणाले, "भाव न्हय. बायल. तिना झगो बदललो."

बाईच्या अंगात काळ्या-पांढऱ्या रुंद पट्ट्यांचा झगा होता. काकांचं म्हणणं असं, की खुनाआधी खांद्याच्या शिवणीवर पट्ट्याला पट्टा जुळत होता, खुनानंतर जुळत नाही. म्हणजे सारखे दिसणारे झगे दोन आहेत. "मगे एक खंय गेलो?" काकांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला शिवण दिसली नव्हती, पट्टा दिसला नव्हता. पण त्या क्षणी मला वाटलं होतं, काकांचंच बरोबर असणार. वाटलं, आणि तरीही मी म्हणाले, "काका, हे फोल्डिंग खातं नाही. ते काय बोलतायत ते मला कळतंय ना? नुसतं बघून काय कळतं?"

सगळे हसले. तात्या सगळ्यांत मोठ्याने. गिरणीला कुलूप, माणसं बेकार, आणि मी त्यातल्याच एकाच्या कामाची थट्टा करून बाकीच्यांना हसवलं. काकाही हसले. "तसा आसात," म्हणाले.

शेवटी एक अंधारा जिना येतो. पोलीस येतात, भाऊ आणि बाई दोघंही खाली उतरतात, गाडीत बसतात. कॅसेटवर फक्त टोप्या आणि एका सिगारेटचं टोक दिसत होतं. मी निकाल देऊन टाकला: भावाने गुन्हा कबूल केला, बाई साक्षीला चालली आहे. टाळ्या पडल्या.

पुढे तो चाळीतला खेळच झाला. कुणाची चप्पल हरवली तरी ओरडायचे, "फोल्डिंग खात्याक विचारा रे!" काका हसायचे. पण पिक्चर बघताना त्यांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. संप विरत गेला, काकांची गिरणी उघडलीच नाही. मग हिंदमाताच्या एका कापडवाल्याने त्यांना बोलावणं पाठवलं, दुकानात माल पारखायला बसा म्हणून. काका नाही म्हणाले. तात्यांनी कारण विचारलं तेव्हा मी तिथेच बसून मेथी निवडत होते.

"नुसता बघान काय कळता?" काका म्हणाले. आणि दादरला एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागले.

एका वाक्यावरून कुणी असा निर्णय घेतो का? नसेल घेत. संप, बंद गिरणी, वय, सगळ्यांनी मिळून तो घेतला असेल. पण वाक्य माझं होतं. आणि मी मान वर न करता मेथी निवडत राहिले.

दोन वर्षांपूर्वी नव्या आलेल्या एका डिस्कवर अचानक तो झगा दिसला. पिक्चरचं नाव मला कधी माहीतच नव्हतं. या वेळी खाली इंग्रजी अक्षरं होती, प्रत्येक वाक्य वाचता येत होतं. जमीन नाही, जुगार नाही. भाऊ बिचारा साधा शाळामास्तर. आणि खांद्यावरची शिवण! साफ केलेल्या चित्रात पट्टे बोटभर सरकलेले दिसतात, न शिकलेल्या डोळ्यालाही. काकांनी ते डांबरातून ओळखलं होतं. शेवटच्या जिन्यात, जिथे आम्हाला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं, तिथे काळ्यातून काळं वेगळं होत जातं — आधी कठडा, मग बाईची बाही, मग तिच्या मनगटातल्या बेड्या. साक्षीला चालला आहे तो भाऊ. काय सुंदर चित्रण आहे! मी दोनदा बघितलं. अंधाराला दहापैकी दहा दिले. "खुनी कोण" हा रकाना भरला नाही.

तेव्हा लगेच उठून पलीकडची बेल वाजवता आली असती. चाळ पडून टॉवर झाला तरी दाजीकाका आमच्याच मजल्यावर आहेत. मंदाकाकी गेली. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, मोतीबिंदू काढलेला, तब्येत ठणठणीत. दर रविवारी तीन वाजता येतात, खुर्ची स्वतः सरकवून घेतात आणि विचारतात, "आजच्या काळोखाक किती मार्क?" मी पिक्चर थांबवून थांबवून त्यांना गोष्ट सांगते. आता खरी सांगते. आमचे रविवार फार मजेत जातात, हेही खरं आहे.

गेल्या रविवारी पडद्यावरचा एक नोकर पोलिसांशी खोटं बोलत होता. तो खोटं बोलतोय हे मला ठाऊक होतं, कारण मी पिक्चर आधी बघितलेला. काकांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर हललं. लहानशी फुली. मी चटकन पिक्चर थांबवला.

"काका, खुनी कोण असेल हो?"

"तू सांग गो. तुका कळता."

"मला नाही कळत. तुम्ही सांगा ना."

"आता म्हाताऱ्याची फिरकी घेतंस?" म्हणाले, आणि हसत चहाचा कप पुढे केला.

शेवटी नोकरच निघाला. काका खूश होऊन घरी गेले.

आतापर्यंत एकतीस पिक्चर आम्ही एकत्र बघितले. तो नाही. तो त्यांना दाखवायचा आहे, आणि त्याआधी मी सांगायचं आहे. डिस्क लावायच्या आधी, ट्यूब चालू असताना, त्यांच्या तोंडाकडे बघून. नंतर सांगितलं तर ते पिक्चरने सांगितल्यासारखं होईल. दर शनिवारी हे काम यादीत सगळ्यांत वर लिहिते आणि सोमवारी पुढच्या आठवड्यात ढकलते. अजून सांगितलेलं नाही.