काठावरची मरळ आणि अप्पांचा राग

कोप्पीकर रोडवर पत्रकं वाटता वाटता अप्पा एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि छाती चोळू लागले. तशातही हातातली उरलेली पत्रकं त्यांनी दुकानदाराच्या हातात दिली. म्हणाले, "गिऱ्हाइकांना द्या."

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी एक पथ्य सांगितलं: संताप करायचा नाही. आई हसली. मिठाचं पथ्य आमच्या घरात जमलं असतं.

अप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, पण पत्रकं काढणं थांबलं नाही. शिष्यवृत्ती अडली, पत्रक. नळाला पाणी नाही, पत्रक. मराठीत एक, कन्नडात एक. मी वाचायला शिकले तीच या पत्रकांच्या कच्च्या प्रतींवर. रविवारी घरात बुद्धवंदना झाली की नवं पत्रक मी उभी राहून मोठ्याने वाचायचं, आणि आवाज पडला की अप्पा टोकायचे, "वाक्य खाली बसतंय. उभं कर." लिहायला लागल्यावरही माझी वाक्यं बसायला तयार नसतात, ती यामुळे.

अशा माणसाला शांत कसं ठेवायचं? मी फोनवर परदेशी माणसांचे व्हिडिओ पाहायचे. होडी नाही, काही नाही, तळ्याच्या काठावर उभं राहून बास नावाचा मासा धरतात आणि हळू आवाजात बोलतात. आपल्याकडे बास नाही, पण मरळ आहे. तीही काठालगतच्या गवतात दबा धरून बसते आणि वरून हलणाऱ्या वस्तूवर तुटून पडते. मी एक रॉड आणि एक रबरी बेडूक मागवला. बेडकाच्या पोटाशी गळ दडवलेला असतो, म्हणजे तो गवतात अडकत नाही. नवनगरच्या घरून पहाटे स्कूटरवर अप्पांना मागे बसवायचं आणि धारवाड ओलांडून अळणावरच्या रस्त्याला एका गावाच्या तळ्यावर जायचं, असं ठरलं.

मासे धरणं म्हणजे बसणं, ही माझी समजूत पहिल्याच सकाळी मोडली. होडी नसली की मासा असेल तिथे आपणच जायचं. बेडूक फेकायचा, झटके देत ओढायचा, दोन पावलं सरकायचं, पुन्हा फेकायचा. माझा बेडूक पाण्यापेक्षा बाभळीवरच जास्त गेला. अप्पांसाठी घडीचं स्टूल नेलं होतं. ते त्यावर एकदाही बसले नाहीत. स्टूल काखेत घेऊन माझ्यामागे फिरायचे.

"धरल्यावर काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"सोडून द्यायचं. व्हिडिओत सोडतात. कधी कधी मुकासुद्धा घेतात."

"खायचा नाही?"

"नाही. खेळ आहे तो."

"भूक लागली म्हणून मारला, तर समजतं. ओठ फाडायचा, फोटो काढायचा आणि वर दया दाखवून सोडायचा? ही जमीनदाराची दया झाली."

"बरं, मग खाऊ."

"पंचशील म्हणतेस ना रोज?"

"आणि रविवारी मटण कोण आणतं, अप्पा?"

"तो वेगळा मुद्दा आहे."

दोघंही हसलो. पण हसतानाही मी त्यांच्या कपाळाची शीर बघत होते. ती फुगली की विषय बदलायचा, एवढं मी शिकले होते. शेवटी ठरलं, मिळाली तर घरी न्यायची, आईने कालवण करायचं.

मिळत मात्र नव्हती. पाणी फुटल्याचा आवाज झाला रे झाला की अप्पा म्हणायचे "ओढ" आणि मी ओढायचे. रिकामा बेडूक उडून आमच्या अंगावर यायचा. व्हिडिओतला माणूस सांगायचा, आवाजावर ओढू नका, दोरी ताणली जाईपर्यंत थांबा. थांबणं आमच्या घरात कोणालाच येत नव्हतं.

मग एका सकाळी अप्पा नेमके खोकत होते, त्यामुळे "ओढ" म्हणणारं कोणी नव्हतं. पाणी फुटलं, मी दात आवळून उभी राहिले, दोरी ताणली गेली. मी मरळ काठावर ओढून आणली. अप्पा तिच्याशेजारी उकिडवे बसले. "काय ताकद आहे," म्हणाले.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. तळ्याच्या ठेकेदाराचा माणूस होता. "केरी गुत्तिगी कोट्टार. इल्लि गाळ हाकबारदु," म्हणाला. तळं ठेक्याने दिलंय, इथे गळ टाकायचा नाही. मासाही ठेवून जा.

"तळं गावाचं की ठेकेदाराचं?" अप्पांनी कन्नडात विचारलं. "तसा फलक कुठे आहे? कागद दाखव."

"अज्जा, भाषण बॅडा," तो म्हणाला. भाषण नको, म्हातारबा.

अप्पा उठले. आवाज चढला, सभेतला. शीर वर आली. माझ्याही तोंडात वाक्यं तयार होती, एकूण एक उभी. आणि अप्पांचा डावा हात शर्टाच्या खिशावर दाबलेला दिसला. चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसले तेव्हाही तो तिथेच होता.

"तप्पाय्तु, अण्णा," मी म्हणाले. चुकलं, दादा. मरळ उचलून त्याच्या हातात दिली आणि दोरी गुंडाळली.

परतताना अप्पांनी माझा खांदा धरला नाही, स्कूटरची मागची कडी धरली. घरी आल्यावर म्हणाले, "माफी कोणासाठी मागितलीस?"

"तुमच्यासाठी."

"मी सांगितलं होतं?"

त्या दिवसापासून गोळ्या त्यांनी आईच्या हातून घेतल्या, माझ्या नाही.

रविवारी वंदना झाली आणि त्यांनी नवं पत्रक माझ्यापुढे धरलं. तळ्यांच्या ठेक्यांवर होतं. मी उभी राहिले, वाचू लागले. मधे एक ओळ आली: आपल्यातलेच काही भीतीपोटी माफी मागतात, म्हणून काठ आपला राहत नाही.

"वाक्य खाली बसतंय," अप्पा म्हणाले.

मी कागदावरून त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. शीर दिसत नव्हती.

"बसू दे," मी म्हणाले, आणि पुढचं वाचलं.