‘मापटेप’ वापरतं तरी कोण?

धाकटी चाळिशीला टेकली तरी घरात धाकटीच राहिली. दिवसा ती विमा कचेरीतले संगणक सांभाळायची आणि रविवारी ‘मापटेप’. मापटेप हा तिने आत्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम. खालच्या मजल्यावर आत्याचं शिवणकामाचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांची जुनी मापं शोधता शोधता तिच्या नाकीनऊ यायचे. प्रोग्रॅम आत्याला मानवला, तेव्हा धाकटीने तो जगालाच देऊन टाकला. कोणीही फुकट उतरवून घ्यावा, आपल्याच संगणकावर बसवावा, आतली वीण उसवून बघावी, हवी तशी बदलावी.

इथवर सगळं छान. पण दिलेली वस्तू कुणी वापरतंय का, हे कळायला मार्गच नव्हता. संगणक लोकांचे, मापं लोकांची. धाकटीला त्यातलं काही दिसू नये असाच तर तिने तो बांधला होता. किती वेळा उतरवला गेला तो आकडा दिसायचा, पण त्यात माणसं किती आणि इंटरनेटवर उगाच भटकणारी यंत्रं किती, कोण सांगणार?

तिचा नवरा भूगोलाचा मास्तर. त्याला रविवारी डोंगर चढायचे असत, तेही बायकोबरोबर.

“आत्या सोडून आणखी कुणी आहे का गं?” एकदा त्याने विचारलंच. “असतील तर तू खुशाल बस. नसतील तर बंद कर ते आणि चल माझ्याबरोबर. पण एकदाचं कळू दे.”

धाकटीला हे फार लागलं, कारण हाच प्रश्न तिलाही कुरतडत होता. तिने मापटेपच्या नव्या आवृत्तीत एक चौकट घातली: ‘हा प्रोग्रॅम इथे चालू आहे, एवढंच महिन्यातून एकदा कळवू का? नावं नाहीत, मापं नाहीत.’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नको’. स्वतःच्या संगणकावर तिने ‘हो’ दाबून बघितलं. निरोप टुणकन आला. तिला इतका आनंद झाला की तिने पुन्हा दाबलं, मग उगाचच आणखी एकदा, आणि नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली.

मग तिचा जीव टांगणीला लागला. कचेरीत जेवताना बघ, दात घासताना बघ. महिना सरत आला तरी सगळे मिळून तीन होकार आले, त्यातला एक तिचा स्वतःचा. आपण इतकी वर्षं रिकाम्या खोलीत बोलत होतो, असं तिला वाटलं आणि ती आंघोळीला जाऊन रडली. बाहेर आल्यावर नवऱ्याला म्हणाली, “बंद करते.” आपलंच म्हणणं खरं झालेलं बघून त्याचा चेहरा उतरला.

पुढचा रविवार एक तारखेचा होता. नवऱ्याने पाठपिशवी भरून दाराशी ठेवली. धाकटी मापटेप बंद करताना निरोपाचे चार शब्द लिहायला बसली, तेवढ्यात गळ्यात टेप अडकवलेली आत्या जिना चढून वर आली.

“तुझं ते अडकलंय. सारखं ‘उत्तराची वाट पाहत आहे’ म्हणतंय. मी केव्हाच दिलंय उत्तर.”

“काय दिलंस?”

“नको म्हटलं.”

“आत्या! मला कळवायला नको म्हणालीस?”

“तू इथे वरच तर राहतेस. कळवायचं काय त्यात? आणि गिऱ्हाइकाच्या कमरेबद्दल कुणी काही विचारलं की मी आधी नको म्हणते, मग ऐकते.”

धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘नको’चं बटण तिने एकदाही दाबून पाहिलं नव्हतं. एक तारीख उजाडली की निरोप पाठवायची वेळ व्हायची. ज्यांनी नको म्हटलं होतं, त्यांच्याकडे प्रोग्रॅम पुन्हा होकाराची वाट बघत दारातच बसला होता. म्हणजे आज तो फक्त नको म्हणणाऱ्यांचाच अडला होता.

तिने मापटेपचं एरवी ओस पडलेलं तक्रारींचं पान उघडलं. ते भरभरून वाहत होतं. नवरा बूट घालता घालता थांबला आणि तिच्या खांद्यावरून मोठ्याने वाचायला लागला. एका नाटक मंडळीच्या कपडेवालीने लिहिलं होतं की राजा अर्ध्या अंगरख्यात उभा आहे. एका चांभाराने प्रोग्रॅम पावलांसाठी बदलून घेतला होता आणि त्याची सगळी पावलं आत अडकली होती. एक शवपेट्या करणारा म्हणत होता, ‘आमच्या गिऱ्हाइकांना घाई नाही, पण नातेवाईक खोळंबलेत.’ शिंपी, टोपीवाले, घोड्यांची खोगिरं शिवणारे, सगळे वैतागलेले, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: आम्ही नको म्हटलं होतं, मग आमचं काम का अडवलंत?

“किती शिव्या खातेयस,” नवरा कौतुकाने म्हणाला.

धाकटी हसत होती आणि डोळे पुसत होती. आपल्यासारखीच दुसऱ्यांची मापं झाकून ठेवणारी ही सगळी माणसं इतकी वर्षं होती तर. पाठपिशवीतली भाकरी त्यांनी संगणकासमोर बसूनच संपवली. दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. निरोपाचे चार शब्द तिने पुसले आणि तिथे ‘चुकले, माफ करा’ लिहिलं.

मग ती खाली जाऊन आत्याच्या संगणकावर नवी आवृत्ती बसवायला बसली. चौकट पुन्हा उघडली. आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “आता काय दाबू?”

“तुला हवं ते.”

आत्याने ‘नको’ दाबलं. चौकट मिटली आणि मापं झटकन समोर आली. ते बघून धाकटीला इतकं बरं वाटलं की तिने चौकट पुन्हा उघडून आत्याला आणखी एकदा ‘नको’ दाबायला लावलं.