कळंबचं हवामान खातं अंदमानात

मुदत संपलेलं औषध कंपनी परत घेते, निदान घेऊ म्हणते. किस्से मात्र कुणीच परत घेत नाही. ते गोडाऊनमध्ये साठतच जातात. कळंबच्या बाजारात आमची खत-बियाण्यांची दुकानं एका ओळीत आहेत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझ्या दुकानापुढच्या बाकावर सगळे जमतात, चहा येतो आणि कुणीतरी म्हणतं, "ते अंदमानचं होऊ द्या की!" मग सांगायला मीच लागतो, कारण बहुतेक किस्स्यांत गाढव मीच आहे!

आधी माझ्या पदवीबद्दल सांगतो. बाजारात मला दत्ता म्हणून कमी आणि 'हवामान खातं' म्हणून जास्त ओळखतात. बियाणं घ्यायला आलेला शेतकरी पिशवी खांद्यावर टाकता टाकता विचारतो, "दादा, आभाळ आलंय. पडंल का?" मी दुकानाबाहेर येतो, कमरेवर हात ठेवतो, डोळे बारीक करतो आणि सांगतो, "पडत न्हाय. मांजरेच्या पल्याड जातंय हे."

आणि ते जातं! नदीच्या पलीकडं धो धो पडतो आणि आमच्याकडं नुसता वारा सुटतो. एक म्हातारा शेतकरी तर एकदा हात जोडून म्हणाला, "दादा, तुमी कधी चुकत न्हाय बघा!"

माझी छाती फुगली. मी घरी जाऊन शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगितलं. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्या भागात रोज 'पडत न्हाय' म्हणलं तर आपली म्हैसबी बरोबर यील."

*

कंपनीचं टार्गेट पूर्ण केलं की डीलरला सहल मिळते, हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. त्या वर्षी कंपनीनं जाहीर केलं, 'सपत्नीक अंदमान!' अंदमान ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सपत्नीक ऐकून दोघातिघांच्या टाळ्या मध्येच थांबल्या.

आमच्या बाकावरचा नवनाथ स्वभावानं धास्तावलेला माणूस. कुठंही निघाला की आधी वाईट काय होईल ते मोजतो. विमानतळावर त्याच्या हातातल्या पिशवीत नारळच नारळ निघाले. तपासणीवाला चक्रावला. "ये सब किसलिए?"

"समुंदर को चढाने का है," नवनाथ म्हणाला. "आई बोली है, पहली बार जा रहा है, खाली हाथ मत जा."

नारळ तिथंच राहिले. विमानातून उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळाची झाडंच झाडं दिसली. नवनाथनं गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली. मग मला म्हणाला, "दादा, हितं बी मिळत्यात वाटतं!"

*

हॉटेलमध्ये गेल्या गेल्या नवनाथनं बाथरूममधला टब काठोकाठ भरला. बादली भरली, चहाची किटली भरली, दात घासायचे ग्लास भरले. नळाला पाणी दिसलं की आधी भरून घ्यायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही फिरून आलो तोवर साफसफाईवाल्यानं टब रिकामा करून पुसून ठेवला होता. नवनाथ तडक काउंटरवर. "मेरा भरा हुआ पानी किसने छोडा?"

मॅनेजर गोंधळला. "सर, यहाँ चौबीस घंटे पानी आता है."

"आज आता है. कल का किसको मालूम?"

मी पोट धरधरून हसलो. सगळ्या मंडळींना गोळा करून पुन्हा एकदा सांगितलं आणि पुन्हा हसलो. तसाच हसत आमच्या खोलीत शिरलो तर शोभा बाथरूमच्या दारात उभी. म्हणाली, "आपलाबी टब त्यांनी सोडून दिलाय. सकाळी तुमी भरून ठेवला हुता ना?"

*

आमच्यातले सगळ्यात वडीलधारे गुरुलिंगअप्पा. मूळचे उमरग्याकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की पुन्हा कानडी. त्यांनी पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आम्हाला वाटलं, म्हातारा गहिवरला.

मग ते धोतर सावरत पाण्यात गेले, ओंजळ भरून घेतली, चाखली आणि थुंकली. परत येऊन वाळूत बसले आणि म्हणाले, "एवढं पाणी! आणि ह्याच्यावर एक मोटर बसवता यीना. वाया गेलं बघा सगळं!"

तिथून परत निघेपर्यंत ते समुद्रावर नाराजच होते.

*

आता मूळ गोष्टीकडं येतो. तिसऱ्या दिवशी एका लहान बेटावर जायचं होतं. दोन मोटरबोटी आल्या. बोटवाल्यांना वाटलं जोडप्याजोडप्यानं बसतील. पण आमचं लग्नातल्या पंगतीसारखं झालं. कुणी काही न सांगता सगळे पुरुष एका बोटीत आणि सगळ्या बायका दुसऱ्या बोटीत!

अंगात घालायला फुगीर नारिंगी जाकिटं दिली. दुकानात मी शेतकऱ्याला रोज बजावतो, फवारताना मास्क लावा, हातमोजे घाला, जिवापेक्षा काय मोठं? पण त्या जाकिटात पोट फार दिसत होतं आणि फोटो काढायचे होते. मी ते मांडीवर घेऊन बसलो. पलीकडच्या बोटीतून शोभा ओरडली, "अहो, घाला ते! गिऱ्हाईकाला तेवढं शिकवता!"

सगळ्या बोटीनं ऐकलं. मी घातलं, तेही घाईत उलटं. बोटवाल्यानं मला लहान पोरासारखं फिरवून सरळ करून दिलं.

बेट छान होतं. आंघोळी झाल्या, फोटो झाले, घरून आणलेली शेंगाचटणी संपली. दुपार कलताना एका बाजूनं आभाळ काळं झालं. आमचा बोटवाला म्हणाला, "थोडा रुक जाते हैं. ठीक नहीं लग रहा." पण बायकांना शिंपल्यांचा बाजार बंद व्हायच्या आत गाठायचा होता. त्यांची बोट आधी निघणार होती.

शोभा एक पाय बोटीत टाकून थांबली. माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, पडंल का हो?"

सगळी मंडळी माझ्याकडं बघायला लागली. हवामान खातं! मी कमरेवर हात ठेवले, डोळे बारीक केले. कळंबच्या बाजारात जे आभाळ बघत आलो तेच आभाळ मला तिथं दिसलं. म्हणालो, "पडत न्हाय. जा बिनघोर."

बोटवाल्याचं कुणी ऐकलं नाही. दादा कधी चुकत नाहीत म्हटल्यावर कोण ऐकतंय? बायकांची बोट निघाली. थोड्या वेळानं त्याच धीरावर आम्हीही निघालो.

आधी वारा आला. असा वारा मी रानात पत्रे उडताना बघितलाय, पण तेव्हा पायाखाली जमीन होती. मग पाऊस आला. तो वरून नाही, आडवा आला! पुढं बायकांची बोट ठिपक्याएवढी दिसत होती. ती एकदा दिसली, एकदा गेली, आणि मग दिसेनाच. आमची बोट उचलली जायची आणि धप्पकन आपटायची. त्यात इंजिन बंद पडलं. बोटवाला दोरी ओढतोय, ओढतोय, आणि आम्ही सगळे खाली बसून एकमेकांच्या जाकिटाला धरलेलं!

मग नवस सुरू झाले. नवनाथनं येरमाळ्याच्या देवीला साद घातली, "आई येडाई, वाचीव! माझी बायको वर्सभर मंगळवार धरील!" दुसऱ्या एकानं बायकोचा दंडवत कबूल केला. अप्पा कानडीत बोलत होते, पण मध्ये मध्ये त्यांच्या बायकोचं, पार्वतीकाकूंचं नाव येत होतं, त्यावरून त्यांनीही काकूंनाच कामाला लावलंय हे कळत होतं. आमच्याकडं नवस बोलतो पुरुष आणि फेडते बायको. ही जुनी वहिवाट आहे, आणि मरताना कोण ती मोडणार?

मीही डोळे मिटून ओरडलो, "आई, माझी शोभा कळंबपासनं येरमाळ्यापर्यंत अनवाणी चालत यील!"

आणि बोललो मात्र, माझे मिटलेले डोळे खाडकन उघडले. चालत यायला आधी ती काठाला लागायला हवी होती. तिला बोटीत बसवलं होतं मी! जा बिनघोर म्हणून! त्यानंतर मी स्वतःसाठी काही मागितलं नाही. एवढंच म्हणत राहिलो, आई, तिला चालू दे. आई, तिला चालू दे.

इंजिन लागलं. कसं लागलं ते बोटवाल्यालाही माहीत नाही. आम्ही धक्क्याला पोचलो तेव्हा आमच्यातले निम्मे ओकत होते. मी मात्र उतरल्या उतरल्या धक्का धुंडाळला. बायकांची बोट आलेली नव्हती. जी आमच्या आधी निघाली होती ती बोट आलेली नव्हती!

धक्क्यावरची माणसं म्हणत होती, दुसऱ्या बेटाच्या आडोशाला थांबली असेल. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. अप्पा, ज्यांनी काकूंशी कधी दोन शब्द सरळ बोललेले मी ऐकले नाहीत, ते पावसात उभं राहून समुद्राला हाका मारत होते, "पार्वती! ए पार्वती!" नवनाथनं कुठून तरी एक नारळ पैदा केला, पाण्यात टाकला आणि हात जोडले. मी रडत होतो. पाऊस होता म्हणून दिसलं नाही, एवढंच.

पाऊस ओसरला आणि बेटाच्या आडून बोट आली. सगळ्या बायका होत्या. चिंब भिजलेल्या, कुडकुडणाऱ्या, पण सगळ्या! शोभा उतरली. मी तिचा हात धरायला पुढं झालो. तिनं पदर पिळला, पाणी माझ्या बुटांवर पडलं, आणि म्हणाली, "पडत न्हाय, व्हय?"

*

संध्याकाळी चहा घेताना सगळे नवस बाहेर आले. बायकांनी ऐकून घेतले. नवनाथच्या बायकोनं तर आपल्या वाट्याचे मंगळवार ऐकून नवऱ्याच्या ताटलीतली भजी उचलून घेतली. शोभा म्हणाली, "चालीन की मी. देवीनं तिचं काम केलंय. पण आमीबी बोटीत गप बसलो नव्हतो."

"मंजे?"

"मंजे मीबी बोललेय. आई, आमाला काठाला लाव, हे परत जन्मात कुणाला पावसाचं सांगणार न्हाईत."

तेव्हापासून हवामान खातं बंद आहे. शेतकरी विचारतात, मी वर बघतच नाही. "देवीची आण हाय," म्हणतो. तो हात जोडणारा म्हातारा शेतकरी तर हळहळला, "असं कसं वो दादा, तुमी तर कधी चुकत नव्हता!"

श्रावणात आम्ही नवस फेडायला निघालो. शोभा अनवाणी, मी शेजारी. तिच्या पायात काही नाही म्हटल्यावर मलाही चपला घालवेनात. पिशवीत फुलं, ओटी आणि एक छत्री. रस्ता निम्मा सरला आणि आभाळ भरून आलं. काळंकुट्ट! वारा सुटला. रस्त्यावरची माणसं पळायला लागली.

शोभा थांबली. वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अहो, पडंल का हो?"

ते आभाळ मी बघितलं होतं. असं आभाळ मी आयुष्यभर बघत आलोय. मला शंभर टक्के ठाऊक होतं. जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि समोर बघत राहिलो.

"बोला की," ती म्हणाली.

मी मान हलवली.

तिनं पिशवीतून छत्री काढली, उघडली आणि म्हणाली, "या मग आत."

येरमाळ्यापर्यंत आम्ही दोघं एका छत्रीखाली चालत गेलो. आभाळ मांजरेच्या पल्याड गेलं. आमच्यावर एक थेंब पडला नाही.