उन्नतीच्या हळदीतला धवला

आमच्या गावात ‘मोबाईल कमी बघा’ असं पोरांना सांगणारी एकच म्हातारी, गोजरामावशी. आणि मोबाईलवर सगळ्यात जास्त बघितली जायची तीच. मावशी धवलारीण. आमच्या उरणच्या बाजूला लग्नात धवले गाणारी बाई लागते, तिचा मान भटजीच्याही आधी. धवल्यात नवरीचं नाव घेऊन देवाला हाक मारल्याशिवाय हळद लागतच नाही, असं मावशीचं ठाम म्हणणं. दर लग्नाला ती नवं नाव गुंफायची.

शेजारच्या नमिताच्या हळदीत मावशीचा नातू मिथुन याने तिचा धवला मोबाईलवर घेतला आणि नेटवर टाकला. बघता बघता तो पनवेलपर्यंत पोचला. मावशी हरखली, खोटं कशाला बोलू. रिक्षावाल्यालाही विचारायची, मला बघितलंस का म्हणून. मग लोक शहाणे झाले. म्हातारीला आणा, चहा पाजा, तिचा खोकला ऐका, त्यापेक्षा मोबाईल स्पीकरला जोडला की काम झालं. मावशीला बोलावणं येईना. तिकडे नमिताचा नवरा वर्षाच्या आत कंटेनरच्या ट्रेलरखाली गेला, ती माहेरी परत आली, तरी घरोघरच्या हळदीत त्या धवल्यातलं तिचंच नाव वाजत राहिलं. लक्ष कोणाचं होतं? नाचायला मिळालं म्हणजे झालं.

मावशीची सगळी आस नातीच्या, उन्नतीच्या हळदीवर होती. घरचं कार्य, तिथे तरी आपणच गाणार. नवं लुगडं नेसून ती पाटाजवळ बसली, घसा खाकरला, आणि मिथुनने स्पीकर लावला.

तिचाच आवाज उन्नतीच्या अंगाला नमिताची हळद लावू लागला. विधवा म्हणून नमिताला कोणी पुढे बोलावलं नव्हतं. ती मांडवाच्या कडेला उभी होती. मावशीने नातीचा हात धरला.

“नाव चुकला गो. त्यो नमिताचा हाय. मना तुजा नाव घेव दे.”

“आजी, गप ना. व्हिडिओ चालू हाय. तुजाच तर आवाज लावलाय.”

मावशी गप बसली नाही. उभी राहून उन्नतीचं नाव घेत गाऊ लागली. पण स्पीकरपुढे तिचं काय चालणार? मी तिच्या शेजारी होते, मलाही ऐकू आलं नाही. नमिता कधी निघून गेली ते कोणाला कळलंही नाही.

मिथुनने तोही व्हिडिओ टाकला. मावशीला वाचता येत नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. लोकांनी लिहिलं होतं, म्हातारीला गाता येतच नाही, नुसते ओठ हलवते, आज पकडली गेली. मी सगळं वाचून दाखवलं. तिने विचारलं, आमच्या उन्नतीने काय लिहिलंय? उन्नतीने सासरहून नुसता एक चेहरा टाकला होता, पिवळा, डोळ्यांतून पाणी येणारा. मावशीने त्यावरून बोट फिरवलं.

“रडते गो माजी बाय.”

मी सांगितलं, मावशी, रडत नाही, ती हसतेय.