फाटकाजवळची खुर्ची

शेवटची भेट दवाखान्यात झाली. धुतलेला टॉवेल, चमचा, मोसंबीचा रस, मोबाइलचा चार्जर... यादीप्रमाणे सगळं पिशवीत होतं. ते कपाटात लावत असताना शकुंतलाताई डोळे न उघडताच म्हणाल्या, "विचार ना वं माधुरी. आता विचारलं तं चालते." मी रसाच्या बाटलीचं झाकण घट्ट करत राहिले. भेटीची वेळ संपल्याचं सांगायला नर्स आली, आणि मी रिकामी पिशवी घडी करून निघाले. दुसऱ्या दिवशी ताई गेल्या.

त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, माहेर उमरेडचं. विणकरांचं घर. लहानपणी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ते हलवत बसायच्या, म्हणून नागपुरात आल्यावरही बसल्या बसल्या पाय हलवत राहायच्या. पुढे कंबरदुखी लागली आणि ते पाय थांबले. फोटो काढले, पट्टा बांधला, तेलं झाली. तपासण्यांमध्ये फारसं काही निघेना आणि दुखणं काही हटेना. मग आम्ही घरच्यांनी आपलं औषध काढलं, आराम. "ताई, तुम्ही बसा," हे घरातलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य असेल. येणारा-जाणारा चप्पल काढतानाच विचारायचा, "दुखते का?" ताई तपशीलवार सांगायच्या. सांगता सांगता एवढ्या भ्यायल्या की पडलेला रुमालही उचलेनात. अंगणातल्या फाटकापर्यंत जाणं तर बंदच झालं.

शेवटी मी चौकशी करून जुनाट दुखण्यांवर उपचार करणारं एक केंद्र शोधलं. तिथे व्यायाम घेणारी आणि मनाचं बघणारी, अशा दोघी एकाच खोलीत बसायच्या. ताई दारातच अडल्या. "दुखते माही कंबर, अन् डोक्याच्या डॉक्टरले काहून दाखवून राहिली? मले येडी समजते का वं?" त्या समुपदेशक बाई हसल्या आणि म्हणाल्या, "कंबरेचंच बोलू. वाकताना मनात काय येतं?" ताई आत येऊन खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "आतून काच फुटल्यावानी वाटते."

तेव्हापासून दोन्ही गोष्टी जोडीने सुरू झाल्या. एकीने हात न टेकता खुर्चीवरून उठायला लावायचं आणि त्याच क्षणी दुसरीने विचारायचं, आता काच फुटली का? दुखणं खरंच आहे, पण प्रत्येक कळ म्हणजे नवी इजा नव्हे, हे त्यांनी ताईंना पुन्हा पुन्हा पटवलं. घरच्यांना दोन नियम दिले. ताईंची बसायची खुर्ची रोज थोडी लांब ठेवायची, म्हणजे ताई तिच्यापर्यंत चालत जातील. आणि 'दुखते का' हे कोणीही विचारायचं नाही. काही नवीन वाटलं तर ताईच सांगतील.

दुसरा नियम भाऊजींना, म्हणजे ताईंच्या यजमानांना, फार जड गेला. ताईंचा चेहरा आक्रसला की त्यांच्या ओठांवर तो प्रश्न यायचाच. एकदा भर उन्हाळ्यात त्यांनी तो कसाबसा गिळला आणि भलतंच विचारलं, "पाऊस येईल काय?"

"एवढ्या उन्हात पाऊस विचारून राहिले तुम्ही?" ताई म्हणाल्या. "कुलरात पाणी टाका गुमान!" आम्ही सगळे हसलो. पण पुढे 'दुखते का'ऐवजी भाऊजींचा तोच प्रश्न ठरून गेला. ताईंना कळायचं. "येईल थोडा," नाहीतर "आज नाही" असं म्हणून त्या पुढच्या कामाला लागायच्या.

खुर्ची सरकत राहिली. पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारात, तिथून ओसरीवर. पुढे पुढे ताई स्वतःच ती फरशीवरून ओढत न्यायच्या, खर्रर्र... दिवाळीच्या आधी ती फाटकाजवळ पोचली. ताई तिथे बसून भाजीवाल्याशी भांडल्या आणि, मी पाहिलं, त्यांचे पाय हलत होते. "कंबर आहे ना दुखत," त्या म्हणाल्या, "राहू दे. घरातलं माणूस समजायचं."

मग संत्र्यांच्या दिवसांत त्यांनी मला त्याच खुर्चीवरून हाक मारली. हात पोटावर होता. "माधुरी, हे आपलं नोहे वं. आपलं मी वळखते. हे पाहुणं आहे." लगेच दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, पोटातला आजार फार पुढे गेलाय. आधी कळायला त्याने काही वावच दिला नव्हता. पूर्वीसारख्या भीतीत असत्या तर कंबरेच्या गोंगाटात ताईंना तो वेगळा ऐकूही आला नसता. ओळखलं त्यांनीच, पण ओळखून उपयोग झाला नाही... हे मला कुठल्याच रकान्यात बसवता येत नाही.

मागची कामं मी उरकली. औषधं परत केली, कपडे वाटले, गॅसचं नाव बदललं. खुर्ची तेवढी फाटकाशी राहिली. दुपारी घर शांत झालं की फरशीवर खर्रर्र ऐकू येतं. मी हातातलं टाकून बाहेर येते. खुर्ची जागेवरच असते. धूळ पुसते आणि आत जाते.

परवा मात्र तिच्यावर बसले. रस्ता रिकामा होता. हळूच म्हटलं, "ताई, दुखते का?" दवाखान्यात विचारायचं राहिलेलं. मागे ओसरीवर भाऊजी कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. आभाळात एकही ढग नव्हता.

"माधुरी," ते म्हणाले, "पाऊस येईल काय?"

"येईल, भाऊजी," मी म्हटलं.