राठ तळवे

गॅरेजमध्ये त्यांना सगळे पुट्टीकाका म्हणत. जीपचं फायबरचं छत तडकलं, की ते काकांकडेच यायचं. तडा घासून मोकळा करायचा, फायबरची जाळी चिकटवायची, वर पुट्टी भरायची आणि सुकली की ओला पॉलिश पेपर मारायचा. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे काकांचे तळवे इतके राठ झाले, की बारीक उंचवटा हाताला लागेना. म्हणून रंगाआधी काकू वरच्या खोलीतून खाली यायच्या, डोळे मिटून छतावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, “इथे लाट राहिलीय बरं का!”

काकू गेल्यावर काका अंदाजानेच रंग मारू लागले. दोन छतं परत आली. कुणाला विचारावं, तर जीभ रेटेना.

पुढचं छत एका शिक्षिकाबाईंचं होतं. त्या काम बघायला आल्या तेव्हा काका चाचरत म्हणाले, “बाई, जरा हात फिरवून बघता का?”

बाईंनी सावकाश हात फिरवला. “इथे काहीतरी लागतंय हो.”

काकांनी तिथे पेन्सिलीने खूण केली आणि ती जागा पुन्हा घासली. रंग एकसारखा बसला. दोन दिवसांनी जीप नेताना बाई म्हणाल्या, “छान झालंय.” त्या दिवशी काकांशी कुणी बोललं ते एवढंच.